बेल्जियन तीव्र एल चाखताना: पहिल्या बाटलीसाठी मार्गदर्शन

आपल्याकडे बिअरच्या बाटलीवर ‘स्ट्राँग’ हा शब्द दिसला की मनात एकच हिशेब मांडला जातो, तो म्हणजे किती लवकर चढेल याचा. बाटली बर्फगार हवी, घोट मोठा हवा, आणि चवीकडे फारसे लक्ष गेले नाही तर उत्तमच, अशी ती रीत आहे. हीच सवय घेऊन जो माणूस बेल्जियन पद्धतीच्या तीव्र एलकडे, म्हणजे उबेत आंबवलेल्या कडक बिअरकडे जातो, त्याच्या हाती पहिल्या भेटीत काहीच लागत नाही. थंडीने बधिर झालेल्या जिभेला थोडा कडवटपणा आणि भरपूर फेस एवढेच जाणवते आणि एवढे पैसे कशासाठी मोजले असा प्रश्न पडतो. मी स्वतः पहिली बाटली अशीच वाया घालवली आहे. ज्यांनी आजवर फक्त लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली नेहमीची बिअर प्यायली आहे आणि ज्यांच्या हाती आता एखादी सोनेरी ट्रिपेल किंवा गडद तपकिरी क्वाड्रुपेल आली आहे, त्यांनी बाटली निवडण्यापासून तळाच्या गाळापर्यंत काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

त्याआधी एक आकडेमोड करून ठेवावी. रोशफोर १० या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ११.३ टक्के असते, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका छोट्या बाटलीत सुमारे ३७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल भरते. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ते साडेबत्तीस मिलिलिटर असते आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २६ मिलिलिटर. ही लहानशी बाटली जवळपास दीड मोठ्या पेगाइतकी आहे, हे टेबलावर बसण्यापूर्वीच ध्यानात असावे. एका बैठकीला एकच बाटली उघडावी, ती शक्यतो दोघांत वाटून घ्यावी आणि त्या संध्याकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. वयाची अट आणि परवान्याचा नियम महाराष्ट्रात आहेच, तो येथे वेगळा समजावून सांगत नाही.

कोणती बाटली घ्यावी

बेल्जियममध्ये एवढ्या तीव्र बिअरची परंपरा का रुजली, याची अनेक कारणे आहेत, पण त्यांतले एक कायद्याचे आहे. १९१९ साली तिथे व्हॅन्डरव्हेल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि पानगृहांमध्ये जेनेव्हरसारखी ऊर्ध्वपातित मद्ये विकण्यास बंदी आली. ज्या गिऱ्हाइकांना काहीतरी कडक हवे होते त्यांच्यासाठी बिअरवाल्यांनी बिअरच कडक केली. पुढे कायदा गेला, पण बिअर राहिली आणि तोपर्यंत ती इतकी सुधारली होती की लोक ती नशेपेक्षा चवीसाठी मागू लागले होते.

दुकानात गेल्यावर डबेल, ट्रिपेल, क्वाड्रुपेल अशी नावे दिसतील. यांचा अर्थ दुप्पट, तिप्पट, चौपट नशा असा कोणी लावू नये. तिकडे ख्रिस्ती मठांतही बिअर बनते, आणि ही नावे एकाच मठातील हलक्या-भारी बिअरींत फरक करण्यासाठी रुळली. डबेल तपकिरी असते आणि तिची तीव्रता बहुधा सात टक्क्यांच्या आसपास असते. ट्रिपेल सोनेरी असते आणि आठ ते साडेनऊ टक्क्यांपर्यंत जाते. क्वाड्रुपेल गडद असून दहा टक्के किंवा त्याहून अधिक असते. वेस्टमाले येथील मठाने १९३४ साली आपली ट्रिपेल बाजारात आणली आणि पुढे या नावाच्या बहुतेक बिअरींनी तिचाच कित्ता गिरवला. ‘क्वाड्रुपेल’ हे नाव मात्र बेल्जियमचे नाही. नेदरलँड्समधील कोनिंग्सहुव्हेन मठाने १९९१ मध्ये ते आपल्या ला ट्राप बिअरला दिले आणि नंतर ते सगळीकडे पसरले. रोशफोरच्या बाटल्यांवरील ६, ८ आणि १० हे आकडेही टक्के सांगत नाहीत. आंबवण्यापूर्वीच्या द्रावाची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन पद्धतीतून ते आले आहेत.

‘ट्रॅपिस्ट’ आणि ‘अ‍ॅबी’ या दोन शब्दांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती भिक्षूंचा एक संप्रदाय आहे. ज्या बिअरवर षटकोनी आकाराचे अस्सल ट्रॅपिस्ट चिन्ह असते ती मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली बनलेली असते आणि तिचा नफा मठाच्या निर्वाहासाठी व दानधर्मासाठी जातो. बेल्जियममध्ये आज असे पाच मठ उरले आहेत: वेस्टमाले, वेस्टफ्लेटेरेन, शिमे, रोशफोर आणि ऑर्व्हाल. आखेल येथील मठात भिक्षूच उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये त्या बिअरचे हे चिन्ह गेले. बिअर तीच, भांडी तीच, पण चिन्ह नाही, इतका तो नियम काटेकोर आहे. ‘अ‍ॅबी’ बिअरला मात्र मठाचे नाव किंवा चित्र असते आणि ती बनते साध्या कारखान्यात. ती वाईटच असेल असे नाही. फक्त नाव पाहून जास्त पैसे मोजू नयेत.

माझा सल्ला असा की पहिल्या खेपेला एक सोनेरी आणि एक गडद अशा दोन बाटल्या घ्याव्यात आणि त्या दोन वेगळ्या दिवशी उघडाव्यात. सोनेरीसाठी वेस्टमाले ट्रिपेल (९.५ टक्के) किंवा ड्युव्हेल (८.५ टक्के) घ्यावी. गडदसाठी निळ्या लेबलची शिमे (९ टक्के) चांगली, जी मुळात नाताळची बिअर म्हणून बनली. रोशफोर १० पुढच्या खेपेसाठी ठेवावी. वेस्टफ्लेटेरेन १२ च्या मागे नवख्या माणसाने अजिबात धावू नये. मठाच्या दारात आगाऊ नोंदणी करून मिळणारी ही बिअर उत्तम आहे यात शंका नाही, पण तिच्याभोवती इतकी दंतकथा जमली आहे की पहिल्यांदा पिणारा बिअर चाखण्याऐवजी कीर्तीच चाखत बसतो.

बाटली पारखून घेणे

बाटली हातात आली की प्रथम तारीख पाहावी. सोनेरी बिअर जितकी ताजी तितकी चांगली, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा, गंध महिन्यागणिक विरत जातो. गडद आणि दहा टक्क्यांच्या पुढची बिअर मात्र थंड, अंधाऱ्या जागी नीट ठेवली तर काही वर्षे मुरते आणि बदलते. दुसरी गोष्ट प्रकाशाची. सूर्यप्रकाश पडला की हॉप्समधील कडू घटकांपासून गंधकयुक्त, उग्र दर्पाचे एक संयुग तयार होते. तपकिरी काच त्याला बराच आळा घालते, पण पूर्ण नाही. एका दुकानात दर्शनी काचेच्या कपाटात उन्हात मांडलेली महागडी ट्रिपेल मी मोठ्या हौसेने विकत घेतली होती. उघडल्यावर तिला जळलेल्या रबराचा आणि खाली भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता. दुकानदाराने ‘इंपोर्टेड आहे, असाच वास असतो’ असे सांगितले. तसा नसतो. पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर उष्णतेत राहिली आणि तिच्यात प्राणवायूने आपले काम केले, याची खूण. त्यामुळे बाटली शोभेच्या फळीवरची न घेता आतल्या खोक्यातली मागावी.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवावी, आडवी नको. या बिअरींपैकी बहुतेकींमध्ये बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घातलेले असते आणि दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीतच होते. त्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो. प्रवासात तो हललेला असतो, म्हणून उघडण्यापूर्वी निदान एक पूर्ण दिवस बाटली स्थिर राहू द्यावी.

थंडावा आणि ग्लास

सगळ्यात जास्त चुका येथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. गंध म्हणजे द्रवातून उडून नाकापर्यंत पोचणारे सूक्ष्म कण, आणि द्रव जितका थंड तितके ते कमी उडतात. एलचे सारे वैभव गंधात असल्यामुळे तिला बर्फाच्या बादलीत बुडवणे म्हणजे बासरी वाजवणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबण्यासारखे आहे. सोनेरी बिअर सहा ते आठ अंश सेल्सिअसला आणि गडद बिअर दहा ते चौदा अंशांच्या दरम्यान प्यावी. घरातील फ्रिजचा मधला कप्पा साधारण चार अंशांवर असतो. पुण्या-मुंबईच्या खोलीतील तापमान धरले, तर सोनेरी बाटली फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी आणि गडद बाटली अर्ध्या तासाने उघडावी. फ्रीझरमध्ये बाटली किंवा ग्लास ठेवू नये. ग्लासावर गोठलेले दव फेसाला बिघडवते आणि पहिले काही घोट बेचव करून टाकते.

ग्लास रुंद पोटाचा आणि देठाचा असावा. बेल्जियममध्ये जवळपास प्रत्येक बिअरचा स्वतःचा ग्लास असतो आणि पानगृहात तो ग्लास उपलब्ध नसेल तर वाढणारा माणूस क्षमा मागतो, असे तिथे राहून आलेले लोक सांगतात. ड्युव्हेलचा ट्युलिप फुलासारखा ग्लास गेल्या शतकातल्या साठच्या दशकात आला. संपूर्ण बाटली आणि तिचा सारा फेस एकदम मावावा अशी त्याची घडण आहे आणि त्याच्या तळाशी कोरलेल्या खुणेवरून बुडबुड्यांच्या साखळ्या सतत वर चढत राहतात. मठांच्या गडद बिअरी रुंद तोंडाच्या चषकात देतात. आपल्याकडे यांपैकी काही नसेल तर रेड वाइनचा मोठा ग्लास उत्तम काम देतो. सरळ उभा, जाड काचेचा मग मात्र टाळावा, त्यात गंध जमतच नाही.

ग्लास स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. भांडी घासण्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अदृश्य थर राहिला असेल तर ओतल्यावर बुडबुडे आतल्या काचेला चिकटून बसतात आणि फेस पाहता पाहता बसतो. गरम पाण्याने नीट धुऊन, पुसण्याऐवजी पालथा घालून वाळवलेला ग्लास घ्यावा आणि ओतण्यापूर्वी थंड पाण्याने एकदा खंगाळावा. ओल्या काचेवर बिअर हळुवार घसरते आणि फेस अंगाबाहेर जात नाही.

ओतणे

या बिअरींत वायू इतका असतो की पहिल्यांदा ओतणाऱ्याच्या ग्लासात निम्म्याहून अधिक फेसच जमतो. बूच उघडताना बाटली हलवू नये. ग्लास अर्धा कलता धरावा आणि बिअर त्याच्या कडेवरून बारीक धारेने सोडावी. दोन तृतीयांश ग्लास भरला की तो सरळ करावा आणि धार मध्यभागी थोडी उंचावरून पडू द्यावी, म्हणजे वर दोन-तीन बोटे फेस उभा राहतो. फेस हा वाया गेलेला भाग नाही. त्याच्यात कडू घटक आणि गंध साठतात आणि तो झाकणासारखा खालच्या बिअरचे रक्षण करतो. धार एकदा सुरू केली की मध्ये बाटली उभी करून पुन्हा ओतू नये, कारण त्या हेलकाव्याने तळाचा गाळ वर येतो. बाटलीत शेवटचा एक सेंटीमीटर शिल्लक असताना थांबावे. त्या गाळाचे काय करायचे ते शेवटी पाहू.

डोळे, मग नाक

ग्लास उजेडासमोर धरावा. ट्रिपेलचा रंग पिकलेल्या मोसंबीच्या रसापेक्षा जरा गडद आणि चकाकता दिसेल, फेस पांढरा आणि दाट असेल. गडद बिअर प्रथम काळी वाटते, पण दिव्यासमोर तिच्यात तांबूस छटा दिसते. या रंगावरून आयरिश स्टाउटसारखी करपलेली, कॉफीसारखी चव येईल अशी अपेक्षा करू नये. स्टाउटचा काळेपणा भाजलेल्या जवांतून येतो, आणि या बिअरींचा तपकिरीपणा मुख्यतः साखरेतून.

ही साखर म्हणजे या घराण्याचे मर्म आहे. बेल्जियन ब्रुअर माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवांबरोबर, बीटापासून बनलेली साखर घालतात. सोनेरी बिअरसाठी ती आपल्या खडीसाखरेसारखी रंगहीन असते आणि गडद बिअरसाठी काकवीसारखा शिजवून काळा केलेला पाक असतो. साखर घातली म्हणजे बिअर गोड होणार असे कोणालाही वाटेल, पण घडते उलट. साधी साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि तिचे अल्कोहोल बनते. तेवढेच अल्कोहोल निव्वळ माल्टपासून मिळवले असते तर न आंबलेला गोड, जड अंश मागे राहिला असता. म्हणून साडेनऊ टक्क्यांची वेस्टमाले ट्रिपेल जिभेवर हलकी आणि कमी गोड लागते. नेमकी येथेच तिची मेख आहे, कारण हलकी लागते म्हणून माणूस भराभर पितो. गडद पाक शिजताना मात्र आपल्याबरोबर गंध घेऊन येतो, आणि मनुका, अंजीर, कॅरमेल ही ओळख बऱ्याच अंशी त्याचीच देणगी असते.

आता नाक. ग्लास ओतल्या ओतल्याच पहिला वास घ्यावा, कारण सर्वांत चपळ गंध पहिल्या मिनिटांत उडून जातात. एक दीर्घ श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगणे चांगले, मग थोडा वेळ ग्लास दूर ठेवावा आणि पुन्हा हुंगावे. नाक लवकर सरावते, त्याला विश्रांती दिली की ते पुन्हा सांगू लागते. दर वेळी स्वतःला चार प्रश्न विचारावेत: फळ कोणते, मसाला कोणता, धान्याचा वास कसा आणि अल्कोहोल बोचते की ऊब देते.

फळ आणि मसाला यांचा उगम यीस्टमध्ये आहे. लागर थंड वातावरणात, साधारण आठ ते बारा अंशांवर आंबवतात, तर बेल्जियन एल वीस अंशांच्या पुढे. उबेत काम करणारे हे यीस्ट अल्कोहोलबरोबर अनेक सुगंधी संयुगे तयार करते. त्यांपैकी आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे संयुग प्रत्यक्ष केळ्यातही असते, त्यामुळे ट्रिपेलमध्ये पिकल्या केळ्याचा वास आला तर तो भास नव्हे. लवंगेची आठवण करून देणारा गंध ग्वायाकोल कुळातल्या एका संयुगातून येतो आणि खऱ्या लवंगेतील युजेनॉल त्याचेच भावंड आहे. बिअरमध्ये कोणी लवंग टाकलेली नसते. यीस्टचे महत्त्व इतके, की वेस्टफ्लेटेरेनचे भिक्षू अनेक वर्षे वेस्टमालेहून यीस्ट आणत आले आहेत, आणि ड्युव्हेल बनवणाऱ्या मूर्टगाट कुटुंबातील अल्बर्ट पहिल्या महायुद्धानंतर यीस्टच्या शोधात थेट स्कॉटलंडला गेले होते. त्या बिअरला तिचे नाव मिळाले ते १९२३ मध्ये, एका मोच्याने तिचा घोट घेऊन ‘हा तर खराखुरा सैतान!’ असे म्हटल्यावर, अशी कथा त्या गावात सांगतात.

गंधांना नावे देताना परक्या चवींच्या यादीतून शब्द उचलू नयेत. इंग्रजी चाखणीच्या नोंदींत प्रून, प्लम, टॉफी, ख्रिसमस केक असे शब्द येतात. ज्याने ख्रिसमस केक लहानपणी खाल्ला नाही त्याच्या स्मृतीत त्या शब्दाला जागाच नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून अचूक शब्द आहेत: काळ्या मनुका, पुरंदरचे सुकवलेले अंजीर, काकवी, गुळाचा तळ लागलेला पाक, जायफळ घातलेले पुरण, आल्याची वडी, सोललेल्या संत्र्याची साल, तव्यावर भाजलेले धणे. धण्याचा उल्लेख गमतीचा नाही. रोशफोरच्या बिअरीत धणे खरोखरच थोड्या प्रमाणात घालतात.

घोट

पहिला घोट लहान घ्यावा आणि त्यावरून काहीही ठरवू नये. तो फक्त जीभ ओली करण्यासाठी आणि वायूच्या चुरचुरीची सवय होण्यासाठी असतो. दुसरा घोट तोंडभर फिरवावा, दोन-तीन सेकंद धरून गिळावा आणि गिळल्यानंतर तोंड बंद ठेवून नाकावाटे श्वास सोडावा. घशातून वर जाणारी ती हवा जे सांगते ते नुसत्या हुंगण्यातून कळत नाही. पुष्कळांना गडद बिअरमधील मनुका प्रथम येथेच भेटते. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, बिअरमध्ये तसे करू नये, कारण हॉप्सचा कडूपणा उशिरा येतो आणि तो गिळल्यावर काही क्षणांनी खरा उमटतो.

मग क्रमाने पाहावे. प्रथम गोडवा किती आला आणि तो टिकला की लगेच विरला? त्यामागून कडूपणा आला का, आणि तो मेथीसारखा लांबला की काकडीच्या देठासारखा टोचला? तोंडात द्रव दाट वाटतो की पातळ? गिळल्यावर छातीत जी ऊब पसरते ती शालीसारखी आहे की देशी दारूच्या घोटासारखी जाळणारी? चांगल्या बेल्जियन एलमध्ये दहा टक्के अल्कोहोल असूनही ते लपलेले असते. नाकात स्पिरिटचा झणका आला, तर बिअर तरी घाईत बनली आहे किंवा तुम्ही ती फार गरम पीत आहात.

ट्रिपेलचा शेवट सहसा कोरडा होतो, म्हणजे गोडवा संपून जीभ स्वच्छ आणि किंचित तुरट राहते आणि पुढच्या घोटाची इच्छा होते. क्वाड्रुपेलमध्ये गोडवा थोडा रेंगाळतो.

एका बाटलीची संध्याकाळ

बेल्जियममधील लुव्हेन येथे शिकणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीला स्वेटरमध्ये गुंडाळून रोशफोर १० ची एक बाटली आणली होती, निळ्या बुचाची. तीन दिवस ती फडताळात उभी ठेवली, मग फ्रिजमध्ये, आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी जेवणाच्या दीड तास आधी आम्ही दोघांनी ती वाटून घेतली. माझी घाई झाली. फ्रिजमधून काढून जेमतेम दहा मिनिटे झाली असतील तोच मी बूच काढले. भाचा म्हणाला, ‘मामा, अजून गार आहे हो.’ मी ऐकले नाही, आणि त्या उतावळेपणामुळेच पुढचा धडा मिळाला.

ओतली तेव्हा फेस दुधाळ कॉफीच्या रंगाचा होता आणि तो चांगला पाच मिनिटे टिकला. पहिल्या हुंगण्यात गुळाचा अस्पष्ट वास आणि थोडी मिरी, एवढेच. घोटात चुरचुर फार आणि मागून सौम्य कडूपणा. वहीत मी ‘ठीक’ असा एकच शब्द लिहिला. ग्लास तळव्यात धरून आम्ही बोलत बसलो. वीस मिनिटांनी पुन्हा हुंगले तर काळ्या मनुका आणि अंजीर असे काही वर आले होते की ताईने स्वयंपाकघरातून विचारले, ‘फ्रूटकेक आणला का रे?’ चवीत आता कोको आणि जायफळ होते, चुरचुर कमी झाली होती आणि द्रव दाट वाटू लागला होता. चाळीस मिनिटांनी, तळाशी दोन घोट उरले असताना, बिअर जवळजवळ खोलीइतकी उबदार झाली होती. तेव्हा जुन्या पोर्ट वाइनसारखा एक गंध आला, पण त्याबरोबर अल्कोहोलही नाकात बोचू लागले. बिअर तीच, ग्लास तोच, आणि नोंदी तीन वेगळ्या. नवख्याने पहिल्या बाटलीबरोबर हाच प्रयोग मुद्दाम करावा: थंड असताना, वीस मिनिटांनी आणि शेवटी, अशा तीन वेळा हुंगून प्रत्येक वेळी चार-पाच शब्द लिहावेत. आपल्याला कोणत्या टप्प्यावर ती सर्वांत आवडली हे एकदा कळले की पुढच्या वेळी बाटली केव्हा उघडायची ते घड्याळाकडे न पाहताही कळते.

नोंद लिहिताना ‘छान’, ‘मस्त’, ‘वेगळी’ हे शब्द टाळावेत, कारण सहा महिन्यांनी ते वाचून काहीही आठवत नाही. तारीख, बाटलीवरची मुदत, अंदाजे थंडावा आणि ज्या वस्तूची आठवण आली तिचे नाव, एवढे पुरे. दोष आढळला तर तोही लिहावा. भिजल्या पुठ्ठ्याचा वास जुनेपणाचा, लोण्यासारखा वास बहुधा अपुऱ्या आंबण्याचा, आणि उग्र गंधकी दर्प उन्हाचा. गडद, जुन्या बिअरमध्ये शेरीसारखा किंवा सुक्या मेव्यासारखा वास आला तर तो दोष धरू नये, मुरण्याने तो येतोच.

सोबत काय खावे

चाखण्याच्या वेळी चखण्याची प्लेट दूर ठेवावी. तिखट शेव, मसाला शेंगदाणे आणि कांदा-लिंबू यांच्यापुढे कोणतीही नाजूक चव टिकत नाही, शिवाय एवढ्या अल्कोहोलबरोबर मिरचीची आग दुप्पट भासते. साधा पाव आणि पाणी जवळ असावे. चाखून झाल्यावर खाण्याला हरकत नाही. बेल्जियममध्ये ट्रिपेलबरोबर चीजचे तुकडे मोहरीबरोबर देतात आणि शिमे व ऑर्व्हाल हे मठ बिअरबरोबर स्वतःचे चीजही बनवतात. गडद एल घालून मंद आचेवर शिजवलेले गोमांस ही फ्लेमिश घरांतली रोजची गोष्ट आहे. आपल्या पदार्थांपैकी ट्रिपेलबरोबर तळलेली सुरमई मला फार जुळलेली वाटते, कारण वायू आणि कडूपणा तेलकटपणा धुऊन काढतात. क्वाड्रुपेलबरोबर गुळाची पोळी खाऊन पाहावी, पण तूप कमी घ्यावे, नाहीतर दोन्ही जड होतात.

आता बाटलीच्या तळाचा तो एक सेंटीमीटर. ते यीस्ट अपायकारक नाही, पण ग्लासात मिसळले तर रंग गढूळ होतो आणि पावाच्या कच्च्या पिठासारखी चव येते. म्हणून आधी स्वच्छ बिअर पूर्ण चाखून घ्यावी, मग बाटली हलकेच गोल फिरवून गाळ सुटा करावा आणि एका छोट्या वाटीत ओतून वेगळा प्यावा. कोणाला तो ग्लासातल्या बिअरपेक्षाही आवडतो. माझ्या भाच्याला आवडतो, मला नाही, त्यामुळे आमच्या घरी त्यावरून भांडण होत नाही.